आधी दुखावलेल्याच्या दारी, मग मंडळीपुढे: चुकलेल्या पुढाऱ्याने पश्चात्ताप कोणत्या क्रमाने करावा

पुढारी चुकतो, त्याला ते उमगतं, तो मनापासून क्षमाही मागतो, आणि तरी मंडळीतली जखम भरत नाही. कोकणपट्टीतल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. बहुतेक वेळा माणसाचं मन खरं असतं, पण क्रम चुकतो. चूक कळली की पहिली धाव व्यासपीठाकडे जाते. रविवारी उपासना संपता संपता दोन मिनिटं मागून घेतली जातात, ‘माझ्याकडून कळत-नकळत कोणी दुखावलं असेल तर प्रभूमध्ये क्षमा करा’ असं म्हटलं जातं, मंडळी आमेन म्हणते. ज्या बाईच्या नवऱ्याची माती वर्गणी थकल्याच्या कारणावरून अडवून धरली होती, ती मागच्या बाकावर तशीच बसलेली असते. तिच्या घरी कोणीच गेलेलं नसतं. आणि पुढच्या रविवारपासून सगळ्यांची नजर तिच्यावर: आता तरी ही मन मोठं करते का?

पुढचे टप्पे हा क्रम सरळ करण्यासाठी आहेत. पाळक, पंच (मंडळीचा कारभार पाहणारे वडील), धर्मगुरू, धर्मग्रामाच्या (एका कॅथलिक चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या) परिषदेचे सभासद, विश्वस्त, संडेस्कूलच्या शिक्षिका, तरुण संघाचे अध्यक्ष, यांपैकी कोणालाही ते लागू पडतात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट रीत जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे. टप्पा गाळू नका आणि पुढचा टप्पा आधी घेऊ नका.

## सुरुवातीची चाचपणी: प्रकरण कोणत्या जातीचं आहे?

पश्चात्तापाला लागण्याआधी हे ठरवायलाच हवं, कारण काही प्रकरणांत हा लेख बाजूला ठेवून दुसरीकडे जावं लागतं.

लहान मुलाला लैंगिक त्रास झाला असेल, किंवा तसा संशय जरी असेल, तर मंडळीतली कोणतीही बैठक त्याच्या आधी येत नाही. पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार ज्याला माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आहे. ‘गावात बोभाटा नको, आपण बसून मिटवू’ असं म्हणणारा पंच पापावर पांघरूण घालतो आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडतो. मारहाण, बलात्कार, धमकी यांतही बळी पडलेल्या माणसाची सुरक्षितता आणि तिला तक्रार करायची मोकळीक आधी. अशा प्रकरणांत टप्पा 5 मधली घरभेट करायची नाही. ज्याने अत्याचार केला त्याने बळी पडलेल्या माणसासमोर ‘क्षमा मागायला’ उभं राहणं हा दुसरा अत्याचार ठरतो.

पैसा किंवा मालमत्ता गुंतली असेल तर नियम वेगळे. चर्चचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला असेल, तर स्थावर मालमत्ता विकायला, बदलायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (कलम 36). शेतजमिनीचा 10 वर्षांपेक्षा जास्त आणि इतर जमिनीचा किंवा इमारतीचा 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही यात येतो. मिशनच्या काळातली आंब्याची बाग किंवा रस्त्यालगतचा तुकडा परस्पर कोणाला दिला गेला असेल, तर ‘माझं चुकलं’ म्हणून ते सुटत नाही. आधी वकिलाला कागद दाखवा, मग टप्पे सुरू करा.

उरलेलं सगळं इथे बसतं: चारचौघांत केलेला अपमान, विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडणं, आपल्या भावकीला झुकतं माप, हिशेबात लपवाछपवी, रागाच्या भरात कोणाचं काम काढून घेणं, दफनाच्या किंवा लग्नाच्या वेळी केलेली अडवणूक.

## टप्पा 1: हात थांबवा

चूक लक्षात आल्याच्या दिवसापासून त्या विषयाशी जोडलेले अधिकार वापरणं थांबवा. हिशेबाची चूक असेल तर चेकवर सही करू नका. गायनमंडळातल्या मुलीला बोललात तर त्या मंडळाच्या बैठकीचं अध्यक्षपद घेऊ नका. व्हॉट्सॲप गटावर खुलासा टाकू नका, जुने संदेश पुसू नका, आपल्या बाजूची माणसं गोळा करू नका.

लहान टप्पा आहे, पण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. गावात बातमी पसरण्याआधी ‘आपली बाजू’ मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोहोचवायची घाई होते, आणि पुढे खरं सांगायची वेळ येते तेव्हा दोन वेगवेगळ्या गोष्टी लोकांच्या हातात असतात.

## टप्पा 2: एका पानावर लिहून काढा

तोंडी पश्चात्तापात पळवाटा राहतात, म्हणून लिहा. भाषण लिहायचं नाही. काय केलं, कोणाशी केलं, कधी केलं, त्याने त्या माणसाचं काय नुकसान झालं, एवढंच एका पानावर.

पवित्र शास्त्रातले दोन राजे शेजारी ठेवून पाहा. शौलही ‘मी पाप केलं’ म्हणतो, पण त्याच वाक्यात शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की वडीलजनांपुढे आणि इस्राएलापुढे माझा मान राख (1 शमुवेल 15:30). त्याआधी त्याने लुटीचा दोष लोकांवर ढकललेला असतो. संदेष्टा नाथान पाप दाखवून द्यायला समोर उभा राहतो तेव्हा दावीद मात्र परमेश्वराविरुद्ध पाप केलं एवढंच बोलतो, मान मागत नाही, कारण देत नाही (2 शमुवेल 12:13). तुमचं पान वाचताना हाच प्रश्न विचारा: यात माझा मान राखायची धडपड कुठे लपली आहे?

तिच्या खुणा ओळखता येतात. ‘दुखावलं असेल तर’ यातलं ‘असेल तर’ काढा, दुखावलं आहे. ‘पण त्या वेळी परिस्थितीच अशी होती’ यातलं ‘पण’ आणि त्यापुढचं सगळं काढा. ‘आमच्याकडून झालं’ असेल तिथे ‘मी केलं’ लिहा. पंचमंडळातल्या बाकीच्यांनी आपापलं पान लिहावं. ‘गैरसमज झाला’ हे दोघांचं वाक्य आहे, तुमच्या पानावर त्याला जागा नाही.

चुकीचं: ‘दफनभूमीच्या जागेबाबत काही कारणाने विलंब झाला व कुटुंबाला मनस्ताप झाला असल्यास खेद वाटतो.’

बरोबर: ‘वर्गणी थकली म्हणून मी दफनाची परवानगी दुसऱ्या दिवसापर्यंत दिली नाही. मुंबईहून आलेल्या नातेवाइकांसमोर मी वर्गणीची वही उघडली. मला तसा अधिकार नव्हता. शोकात असलेल्या घराला मी सगळ्यांदेखत लाजवलं.’

तपासा: हे पान दुखावलेल्या माणसाने वाचलं तर ‘हो, असंच झालं’ म्हणेल का? एखादी गोष्ट गाळली असेल तर तीच सगळ्यात आधी लिहा.

## टप्पा 3: देवापुढे, पळवाट न ठेवता

ते पान घेऊन प्रार्थनेला बसा. स्तोत्र 51 हाताशी ठेवा. नाथान दाविदाकडे आल्यानंतरचं हे स्तोत्र आहे, असं त्याचं शीर्षकच सांगतं. योएल 2:13 मध्ये संदेष्टा वस्त्रं नव्हे तर हृदयं फाडायला सांगतो. हे दोन्ही उतारे सावकाश वाचा आणि पानात काही भर घालावी लागते का ते पाहा.

कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूपुढे पापनिवेदन) घ्या, आणि धर्मगुरू असाल तर आपल्या धर्मग्रामाबाहेरच्या धर्मगुरूकडे जाणं बरं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. ही गुप्तता आत्म्याच्या भल्यासाठी आहे, प्रकरण झाकण्यासाठी तिचा वापर करू नका. दोषमुक्ती मिळाली तरी झालेलं नुकसान भरून देण्याचं बंधन उरतंच, ही कॅथलिक शिकवण आहे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत याकोब 5:16 प्रमाणे एकमेकांजवळ पाप कबूल करायची सोय कागदावर आहे, व्यवहारात फार थोड्या ठिकाणी. त्यासाठी पुढचा टप्पा आहे.

सावधान: इथे मन हलकं होतं आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. मत्तय 5:23-24 मध्ये येशू नेमकं याच्या उलट सांगतो: वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. वेदीपाशी आठवण झाली, वाट घराकडे जाते.

## टप्पा 4: आपल्या पगारातला नसलेला माणूस गाठा

दाविदाला नाथान लागला. अंत्युखियात पेत्राला पौल लागला, आणि पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (गलती 2:11). तुम्हालाही असा एक माणूस लागेल जो तुमचं पान वाचून ‘हे अपुरं आहे’ म्हणू शकेल.

कोकणात हे अवघड का जातं, ते उघड आहे. लहान मंडळीत निम्मी घरं एकमेकांची सोयरीक. पंच म्हणजे चुलतभाऊ, खजिनदार म्हणजे मेव्हणा, चर्चचा राखणदार तुमच्याच सहीने पगार घेतो. यातला कोणीही तुमचा नाथान होऊ शकत नाही, तो कितीही भला असला तरी. दुसऱ्या तालुक्यातल्या मंडळीचा निवृत्त पाळक, धर्मप्रांतातला दुसऱ्या विभागाचा धर्मगुरू, एखादी अनुभवी धर्मभगिनी, तुमच्या घराण्याशी ना सोयर ना सुतक असलेली जुनी शिक्षिका, असं माणूस शोधा. वसईकराने मालवणकडचा आणि मालवणकराने वसईकडचा माणूस निवडला तरी हरकत नाही. फोनवर पान वाचून दाखवता येतं.

हा तुमचा मध्यस्थ. त्यांना तीन कामं द्या. पान वाचून पळवाटा दाखवणं. दुखावलेल्या माणसाशी आधी बोलून, भेट हवी आहे का ते विचारणं. आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत तारखांची वही ठेवणं. वही त्यांच्याकडेच राहू द्या.

तपासा: या माणसाने ‘तुम्ही वर्षभर पद सोडा’ म्हटलं तर तुम्ही ऐकाल का? मन आत्ताच ‘बघू’ म्हणत असेल तर माणूस बदलू नका, मन बदला.

## टप्पा 5: दुखावलेल्याच्या घरी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

जाण्याआधी. न कळवता जाऊ नका. गावात पुढारी दारात उभा राहिला की ‘या बसा’ म्हणावंच लागतं. त्या भिडेचा फायदा घेणं म्हणजे पुन्हा अधिकार वापरणं. मध्यस्थाने विचारावं: भेटायचं आहे का, कुठे, कधी, सोबत कोण हवं? चर्चचं ऑफिस किंवा पाळकगृह सुचवू नका, तिथे खुर्ची तुमची असते. दुखावलेली व्यक्ती बाई असेल तर तिच्या पसंतीची एखादी वडीलधारी बाई हजर असावी, आणि पुरुष पुढाऱ्याने एकट्याने जाऊ नये.

वेळही सांभाळा. मे महिन्यात आणि नाताळात चाकरमान्यांनी घर भरलेलं असतं, तेव्हा नको. समुद्रावर जाणाऱ्या घरी होडी लागण्याच्या वेळेला, मासळीचा हिशेब चालू असताना नको. पावसाळी मासेमारीबंदीत, साधारण 1 जून ते 31 जुलै, कोळी घरांत माणसं निवांत भेटतात. बागायतदाराकडे आंबा उतरायच्या दिवसांत जाल तर तुमचं बोलणं त्याच्या कानावरून जाईल.

पंचमंडळाचा जथा नेऊ नका. मिठाई, फळांची करंडी, शाल, काहीही नेऊ नका. भेटवस्तू घेतली की समोरच्याला राग धरायची चोरी होते.

बोलताना. व्यासपीठावरची मराठी बाहेर ठेवा. घरात मालवणी चालत असेल तर मालवणीत बोला. वसईत सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोलीत बोलणारं घर असेल आणि तुम्हाला ती बोली येत असेल, तर तीच. प्रवचनाच्या भाषेत मागितलेली क्षमा प्रवचनच वाटते.

पानावरचं जसं लिहिलं आहे तसं सांगा. उदाहरणार्थ: ‘मावशी, काकांच्या मातीच्या वेळी मी वर्गणीची वही काढली. तुमच्या माहेरच्यांसमोर काढली. तो माझा अधिकार नव्हता. तुमचा दिवस मी नासवला. त्याचं मला दुःख आहे.’ बस्स. मग गप्प राहा.

ही शांतता पुढाऱ्यांना सोसत नाही. बोलण्याची सवय असलेला माणूस ती भरून काढायला जातो आणि तिथे सगळं बिघडतं. समोरची व्यक्ती रडेल, ओरडेल, दहा वर्षांपूर्वीचं काढेल, किंवा चुलीपाशी उठून जाईल. त्यांचं होऊ द्या. ‘हे असं नव्हतं’ म्हणून तपशील दुरुस्त करू नका. नवीन काही कळलं तर ‘हे मला माहीत नव्हतं, मी लिहून घेतो’ एवढंच म्हणा आणि खरोखर लिहा.

चहा आला तर घ्या. नाही आला तर त्याचा अर्थ लावत बसू नका.

शेवटी एकच प्रश्न: ‘हे भरून काढायला मी काय करू?’ उत्तर लगेच मागू नका, मध्यस्थाकडे कळवलं तरी चालेल असं सांगा आणि उठा.

सावधान, या चुका इथेच होतात:

‘मला क्षमा केली म्हणा’ असं म्हणायला लावू नका. क्षमा त्यांची आहे, त्यांच्या वेळेने येईल.

सत्तर वेळा सातचं वचन (मत्तय 18:22) उच्चारू नका. पेत्राने ‘माझ्या भावाला मी किती वेळा क्षमा करू’ असं विचारलं तेव्हाचं ते उत्तर आहे. अपराध करणाऱ्याने ते दुखावलेल्याला ऐकवायचं नसतं.

‘चला, आपण प्रार्थना करू’ म्हणून हात जोडू नका. पुढाऱ्याने प्रार्थना सुरू केली की समोरच्याचं बोलणं तिथे संपतं, आणि घरातल्यांना आमेन म्हणावंच लागतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं तरच, आणि शक्यतो त्यांनाच करू द्या.

भेटीचा फोटो काढू नका. कोणालाही.

## टप्पा 6: भरपाई

मोशेच्या नियमशास्त्रात पाप कबूल करणं आणि नुकसान भरणं एकाच आज्ञेत आहे: मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा (गणना 5:7). जकातदार जक्कय चौपट परत करायला तयार झाला (लूक 19:8). त्याने आधी सगळ्यांसमोर रडून दाखवलं नाही, आकडा सांगितला.

पैशाच्या चुकीत हिशेब साधा ठेवा. समजा, उपकारस्तुतीच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावातले 15,000 रुपये तुम्ही वेळेवर जमा केले नाहीत आणि वापरले. 15,000 परत, पाचवा हिस्सा म्हणून वर 3,000, एकूण 18,000. स्वतःच्या खिशातून, बँकेत, पावती घेऊन. मंडळीच्या दुसऱ्या निधीतून फिरवाफिरव नाही, भावकीकडून वर्गणी काढून नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांच्या तारखा मध्यस्थाच्या वहीत लिहा. ऑडिटरला लेखी कळवा. कॅथलिक धर्मग्रामात आर्थिक समिती असणं 1983 च्या धर्मसंहितेनुसार (नियम 537) आवश्यकच आहे. तिच्यापुढे कागद ठेवा.

बदनामीची भरपाई जास्त कठीण. जाळं जिथे फाटलं तिथेच विणावं लागतं. गटावर बोललात तर दुरुस्ती त्याच गटावर, बैठकीत बोललात तर त्याच बैठकीच्या इतिवृत्तात, सोयरीक मोडली असेल तर त्या दुसऱ्या घरी स्वतः जाऊन. काढून घेतलेलं काम परत द्यायचं असेल तर आधी विचारा. सहा महिन्यांपूर्वी गायनमंडळातून काढलेली मुलगी आज परत यायला तयार असेलच असं नाही, आणि ती नाही म्हणाली तर तुमच्या समाधानासाठी तिला ओढू नका.

तपासा: भरपाईमुळे तुमचं काहीतरी कमी झालं का? पैसा, वेळ, मान, यांपैकी काहीच कमी झालं नसेल तर भरपाई झालेली नाही.

## टप्पा 7: आता मंडळीपुढे

इथवर आल्यावरच व्यासपीठाचा विचार.

किती लोकांना सांगायचं? चूक जितक्यांना माहीत आहे आणि जितक्यांना तिची झळ लागली, तितक्यांना. दोघांतलं असेल तर दोघांत मिटलं, मंडळीत आणू नका. मत्तय 18:15 ची पहिली पायरी एकांताचीच आहे. पण पुढाऱ्याचं पाप उघड झालं असेल किंवा त्याने ते चालूच ठेवलं असेल, तर 1 तीमथ्य 5:20 सगळ्यांसमोर दोष दाखवायला सांगतं. त्याआधीच्याच वचनात दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावर आरोप घेऊ नये असंही आहे; उडत्या बातमीवर कोणाला उभं करू नका.

दुखावलेल्याचं नाव घ्यायचं का, हे त्यांनी ठरवायचं. नको म्हणाले तर ओळख पटेल असा तपशीलही गाळा. गावात ‘एका विधवा भगिनीला’ म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

दिवस निवडताना नाताळ, पुनरुत्थान रविवार, गावचं फेस्त (चर्चचा सण), लग्नसराई टाळा. त्या दिवशीची प्रभुभोजनाची सेवा तुम्ही चालवू नका. व्यासपीठावर किंवा वेदीवर न चढता खाली, बाकांच्या बरोबरीने उभे राहा. तेच पान वाचा, तीन-चार मिनिटांत संपवा. काय भरपाई केली, पुढे काय ठरलं आहे आणि कोणी ठरवलं, तेही सांगा. मग जागेवर जाऊन बसा.

त्यानंतर लगेच हार, टाळ्या, ‘आमचे पाळक किती थोर’ असं आभारप्रदर्शन, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, यातलं काही होऊ नये. हे आधीच सेक्रेटरींना सांगून ठेवा. मंडळी प्रेमाने करते, पण मागच्या बाकावरच्या बाईला त्यात एकच दिसतं: याला पुन्हा मानच मिळाला.

प्रश्न विचारायला लोकांना वाव द्या. आठवड्याभरात बैठक, अध्यक्षस्थानी बाहेरचा कोणी. मुंबई-पुण्यातल्या सभासदांना तेच पान लेखी पाठवा. तोंडी निरोप आणि ऑडिओ नकोत, त्यात दोन गावं पार करेपर्यंत शब्द बदलतात.

## टप्पा 8: मागे सरणं आणि परत येणं

किती काळ पदापासून दूर राहायचं, हे चुकलेल्याने ठरवू नये. प्रोटेस्टंट मंडळीत पंचमंडळाने आपल्या वरच्या मंडळाशी बोलून ठरवावं, कॅथलिक धर्मग्रामात बिशपांकडून किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीकडून ठरावं. काही चुकांत परत येणं नसतंच. मुलांच्या बाबतीत गुन्हा केलेल्याला मुलांच्या सेवेत पुन्हा जागा नाही, पश्चात्ताप कितीही खरा असला तरी.

मागे सरलात म्हणजे खरोखर काय सोडलं ते लिहा: चेकची सही, कपाटाची आणि दफनभूमीच्या फाटकाची किल्ली, बाप्तिस्मा-विवाहाची रजिस्टरं, गटाचं ॲडमिनपद, मोबाइलवर येणारा बँकेचा ओटीपी. विश्वस्तपद सोडलं असेल तर बदल अर्ज 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा (कलम 22). तो राहून गेला की सरकारदप्तरी विश्वस्त तुम्हीच राहता. बायकोला किंवा मुलाला त्या जागी बसवून किल्ली घरातच ठेवणं हे मागे सरणं नव्हे.

परत येण्यासाठी योहान 21 वाचा. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं होतं, त्याला तीनदा विचारलं गेलं. ‘माझी मेंढरं चार’, म्हणजे चरायला ने, हे त्याला सांगण्यात आलं. त्याने ते मागून घेतलं नाही. ठरलेली तारीख आली की मध्यस्थाने दुखावलेल्या माणसांना, आणि त्यांनाच आधी, विचारावं. त्यांना नकाराधिकार द्यायचा की फक्त मत घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहिलेलं असू द्या. तारखेच्या तोंडावर ठरवलं तर भांडण होतं.

## टप्पा 9: नम्रता रोजच्या कामात

पवित्र गुरुवारी बाराजणांचे पाय धुतले जातात, आणि ते व्हायलाच हवं. पण योहान 13 मध्ये येशूने केलं ते घरातल्या नोकराचं काम होतं. तसं काम वर्षभर तुमच्या वाट्याला येतं का, हे पाहा. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला, दफनभूमीतलं रान काढायला, जेवणावळीनंतर टोप घासायला पुढारी दिसतो का? दिसला तर फोटोशिवाय दिसतो का?

कोकणात मानपान मोठा. लग्नात पहिली खुर्ची, कार्यक्रमात शाल-श्रीफळ, पंगतीत आधी पान. लूक 14 मधली पहिल्या आसनाची गोष्ट (मानाची जागा धरू नको, शेवटच्या जागी बस) इथे जशीच्या तशी लागू पडते. यजमानांना आधीच कळवा की तुम्ही लोकांत बसाल. ऐन वेळी नकार दिलात तर त्याचाच तमाशा होतो.

काही सवयी मात्र स्वभावावर न सोडता नियमात बसवा. दर महिन्याची जमाखर्चाची पाटी दारात लावणं. दोन सह्या, आणि त्या दोन वेगळ्या घरांतल्या. अध्यक्षपदाची मुदत ठरलेली, वाढवून न घेण्याची. महिला मंडळाच्या बैठकीत महिन्यातून एकदा नुसतं ऐकायला बसणं, उत्तर न देता. लांबच्या वाडीवरच्या घरांना भेटीच्या यादीत सगळ्यात वर ठेवणं.

आणि वर्षातून एकदा शमुवेलाचा प्रश्न. म्हातारा झाल्यावर तो सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून विचारतो: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला फसवलं, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच घेतली? सांगा, म्हणजे परत करीन (1 शमुवेल 12:3). वार्षिक सभेत हा प्रश्न विषयपत्रिकेवर छापा. सभा अशा दिवशी ठेवा की होडीवरचे लोक येऊ शकतील. पुढाऱ्याने प्रश्न विचारून बाहेर जावं, उत्तरं बाहेरच्या पाहुण्याने लिहून घ्यावीत. उघड बोलायची भीती असलेल्यांसाठी बंद पाकिटाची सोय ठेवा, आणि पाकिटं पुढाऱ्याच्या हातात देऊ नका.

तपासा: तीन वर्षं ओळीने एकही उत्तर आलं नाही तर मंडळी समाधानी आहे असं गृहीत धरू नका. लोक घाबरतात का, ते मध्यस्थाला शोधायला सांगा.

## दार उघडलंच नाही तर

हे होतं, आणि त्याचीही तयारी हवी. दुखावलेलं माणूस भेट नाकारतं, मंडळी सोडून शेजारच्या गावच्या उपासनेला जाऊ लागतं, किंवा भेटतं पण ‘मी क्षमा करणार नाही’ म्हणतं. तुमचं काम त्याने थांबत नाही आणि त्यांचंही वाढत नाही.

पान मध्यस्थाकडे ठेवा, त्यांना हवं तेव्हा मिळेल असा निरोप द्या. भरपाई त्यांच्या क्षमेवर अवलंबून ठेवू नका, ठरल्या तारखांना करत राहा. रक्कम घेत नसतील तर मध्यस्थाच्या देखरेखीखाली वेगळी ठेवा. ती मंडळीच्या निधीत वळवू नका, कारण ती मंडळीची नाही. मंडळीपुढे ‘मी प्रयत्न केला, पण समोरून प्रतिसाद नाही’ असं कधीही बोलू नका. त्यांच्या नातेवाइकांकरवी दबाव आणू नका, आणि बाजारात किंवा एसटीच्या थांब्यावर गाठून विषय काढू नका. सहा महिन्यांनी मध्यस्थाने एकदा, फक्त एकदा, विचारावं. उत्तर तेच असेल तर वहीत तारीख टाकून तसं लिहावं, आणि त्या घरात आजारपण, माती किंवा लग्न निघालं की मंडळीच्या सगळ्या सेवा त्यांना विनाअट, दुसऱ्या सेवकाच्या हातून, मिळतील याची व्यवस्था आत्ताच लेखी करून ठेवावी.